फोटो नेत्याचा, पैसा आपला

प्रश्न : पेपरात सरकारी योजनेची पानभर जाहिरात येते, अर्धं पान नेत्याचा फोटो आणि अर्ज कुठे करायचा, कागदपत्रं कोणती लागतात ते मात्र खाली बारीक अक्षरात. मध्ये कोर्टाने हे फोटो बंद केले होते ना? मग परत कसे चालू झाले?

उत्तर : केले होते, बरोबर आठवतंय तुम्हाला. मे २०१५ मध्ये कॉमन कॉज संस्थेच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सरकारी जाहिरातीत फोटो फक्त राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीशांचा. मग केंद्र आणि काही राज्यं फेरविचार करा म्हणून परत कोर्टात गेली आणि मार्च २०१६ मध्ये राज्यपाल, मुख्यमंत्री, त्या त्या खात्याचे मंत्री सगळ्यांनाच परवानगी मिळाली. आमच्या मते तिथेच त्या निकालातला जीव गेला. तरी बाकीचे नियम आहेतच, पक्षाचं नाव, चिन्ह, झेंडा चालत नाही, विरोधकांवर टीका चालत नाही.

पण खरी गोची तपासणीची आहे. केंद्राने २०१६ मध्ये तीन जणांची समिती नेमली, ती बघणार जाहिरात येऊन गेल्यावर, म्हणजे पैसे गेल्यावर. दिल्लीत काय झालं बघा, तेव्हाच्या आप सरकारच्या जाहिरातींवर याच समितीने ठपका ठेवला, २०१७ मध्ये नायब राज्यपालांनी पक्षाकडून ९७ कोटी वसूल करा म्हणून आदेश दिला आणि जानेवारी २०२३ मध्ये व्याज धरून १६३.६२ कोटींची नोटीस निघाली, म्हणजे सहा वर्षं नुसती कागदं फिरली! आणि हे एकाच पक्षाचं नाही हो, मार्च २०२४ मध्ये आचारसंहिता लागल्यावरही केंद्राचे 'विकसित भारत'चे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज लोकांना येत होते, शेवटी निवडणूक आयोगाने केंद्राला ते थांबवायला सांगितलं.

कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात २००४ च्या कायद्याने जाहिरात आधी ऑडिटर जनरलकडे, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या अधिकाऱ्याकडे जायची, त्यांनी पास केली तरच छापायची. २०१५ मध्ये तिथल्या सरकारनेच तो कायदा ढिला केला, पण पद्धत तीच बरोबर आहे, आपल्याकडे यायलाच हवी.

प्रश्न : तोपर्यंत आम्ही काय करायचं?

उत्तर : आचारसंहितेच्या काळात असं होर्डिंग दिसलं तर निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल या मोबाइल सुविधेतूनच तिथल्या तिथे फोटो काढून पाठवा. एरवी माहिती अधिकारात अर्ज करा. महाराष्ट्रात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, विषय एकच ठेवायचा आणि १५० शब्दांत बसवायचं, उत्तर ३० दिवसांत यायला हवं. जाहिरातीची तारीख लिहा, बिल किती झालं विचारा आणि खर्च कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे सरकारी हिशेबातल्या कोणत्या सदरातून टाकला ते नक्की विचारा, कारण प्रसिद्धीच्या बजेटमधून गेला तर एक गोष्ट, पण योजनेच्याच निधीतून गेला असेल तर तो लाभार्थ्यांच्या वाट्याचा पैसा आहे. बिलांच्या कॉप्या पण मागा, नाहीतर नुसता एकूण आकडा देऊन बोळवण करतात.