यूट्यूबवरच्या आवडत्या चॅनेलला महिन्याला ५०-१०० रुपये द्यायचे तर कोणता मार्ग बरा?

त्यांनी यूपीआय आयडी दिला असेल तर सरळ तिथेच पाठवा. शुल्क लागत नाही, शंभरचे शंभर पोचतात. सुपर थँक्स (व्हिडिओखालचं एकदाच पैसे द्यायचं बटण) किंवा चॅनेलच्या मासिक मेंबरशिपमधून दिलेत तर साधारण ३० टक्के यूट्यूब ठेवून घेतं. तरी मी मेंबरशिपच घेतो, कारण आळस! पैसे दरमहा आपोआप कापले जातात, आणि चॅनेलवाल्याला कधीतरी आलेल्या पाचशेपेक्षा ठरलेले पन्नास जास्त कामाचे. त्यावर पुढच्या महिन्याचा खर्च आखता येतो. २०१३ साली सुरू झालेलं पेट्रिऑन, म्हणजे चाहत्यांनी कलाकारांना दरमहा पैसे द्यायची साइट, याच हिशेबावर चालतं.

क्यूआर कोड मात्र चॅनेलच्या स्वतःच्या माहितीतूनच घ्या, कमेंटमध्ये कुणी टाकलेला नको. आणि हो, या पैशांवर ८०जीची (धर्मादाय देणग्यांवरची) करसवलत मिळत नाही.