दुकानात जुळलेला रंग उन्हात वेगळा का दिसतो?

प्रश्न : जांभळ्या शहापुरी साडीला जुळणारे ब्लाउजपीस मी खडेबाजारातील एका दुकानात एलईडी दिव्याखाली पारखून घेतले. तेथे दोन्ही रंग तंतोतंत एक वाटले. बाहेर उन्हात मात्र ब्लाउजपीस तांबूस दिसू लागले. माझा डोळा चुकला की रंग बदलला?
– एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर : डोळ्याचा दोष नाही आणि कापडाचाही नाही; बदलला तो प्रकाश. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण 380 ते 700 नॅनोमीटर असते. कापडावरील रंगद्रव्य त्यातील काही भाग शोषून घेते आणि उरलेला परावर्तित करते. कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश परत आला, याचा तपशीलवार हिशेब मात्र डोळा ठेवत नाही. डोळ्याच्या आतील पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, रंग टिपणाऱ्या शंकुपेशींचे तीनच प्रकार असतात. त्यांची संवेदनशीलता 420, 534 आणि 564 नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असली, तरी त्यांचे पल्ले रुंद असून एकमेकांत मिसळलेले असतात. प्रत्येक पेशी मेंदूला केवळ किती प्रकाश टिपला एवढेच कळवते आणि या तीन संकेतांच्या तुलनेतून मेंदू रंग ठरवतो. डोळ्यात प्रकाश टिपणारे तीन प्रकारचे घटक असावेत, हा तर्क ब्रिटिश शास्त्रज्ञ थॉमस यंग यांनी 1802 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडला होता, तोही अशा पेशी कोणी पाहिलेल्या नसताना, याचे मला फार कौतुक वाटते.

आता आपल्या साडीकडे वळू. साडीचे रेशीम आणि ब्लाउजचे सूत बहुधा वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेले असते, त्यामुळे त्यांच्यावरून परतणारा प्रकाश वेगळा असतो. तरीही एखाद्या विशिष्ट दिव्याखाली दोन्हींमुळे शंकुपेशींना सारखेच तीन संकेत मिळाले, तर रंग हुबेहूब एकच दिसतात. नेहमीच्या पांढऱ्या एलईडीत 450 नॅनोमीटरजवळचा निळा प्रकाश आणि त्यापासून पिवळ्या लेपाने निर्माण केलेला प्रकाश यांचे मिश्रण असते. त्यात गडद तांबडा भाग फार थोडा असतो. आपले ब्लाउजपीस तो भाग साडीपेक्षा अधिक परावर्तित करत असावे. दुकानात तो प्रकाशच अपुरा असल्याने फरक झाकला गेला, आणि उन्हात तो भरपूर मिळताच उघड झाला. दिव्याच्या एकंदर छटेशी मेंदू जुळवून घेतो, म्हणून एकटी साडी दोन्हीकडे जवळपास सारखीच भासते. परंतु शेजारी ठेवलेल्या दोन कापडांतील फरक त्याला पुसता येत नाही.

यापुढे खरेदी करताना दोन्ही कापडे दिवसा दुकानाच्या दाराशी आणून पाहावीत. आपल्याकडच्या पावसाळ्यातील ढगाळ उजेडही त्यासाठी चालतो, कारण त्यात सर्व तरंगलांब्या असतात. तिन्हीसांजेला मात्र रंग पारखू नयेत, कारण मंद उजेडात शंकुपेशींचे काम मंदावते आणि रंगभेद न करणाऱ्या दंडपेशींवर भिस्त राहते. साडी रात्रीच्या समारंभात नेसायची असेल, तर घरच्या दिव्याखालीही एकदा जोडी लावून पाहावी.