मोजपट्टी कोणत्या भाषेतली, हे आधी विचारा

न्यू जर्सीहून एका आईचे पत्र आले आहे. मुलगा सहा वर्षांचा, पहिलीत शिकतो. त्या लिहितात, "शाळेने ऑटिझमच्या (स्वमग्नतेच्या) तपासणीसाठी संमतीपत्र पाठवले आहे. यांचे म्हणणे, आपला मुलगा नॉर्मल आहे, इथल्या लोकांना लेबल लावायची सवयच आहे. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणतात, याचा बापही चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता. वर्गशिक्षिका म्हणतात, घरी मराठी बंद करून बघा. मी कोणाचे ऐकू?" दिवाळीला पुण्याला जावे का, इथल्या मराठी मंडळात हे कोणाला सांगावे का आणि कायमचे परतावे का, असे आणखी तीन प्रश्नही त्यांनी विचारले आहेत.

तुमची घालमेल मला समजते. मुलांचे भले होईल या एका आशेवर आपण आपली माणसे सोडून इतक्या लांब आलो, आणि त्याच मुलाविषयी शाळेतून असा कागद आला की आपल्या इथे येण्यावरच कोणीतरी बोट ठेवले आहे असे वाटते. तरीही तुमच्या यजमानांना दोन शब्द सुनावल्यावाचून राहवत नाही. तुम्हीच लिहिले आहे की मुलगा आगगाडीचे डबे रांगेत लावतो आणि कोणी एखादा डबा हलवला तर अर्धा तास रडतो. त्या अर्ध्या तासात त्याला जो त्रास होतो, तो 'नॉर्मल आहे' असे म्हटल्याने कमी होणार नाही.

शाळेला मात्र एक प्रश्न ठामपणे विचारा: माझ्या मुलाला मोजणार कोणत्या भाषेत? माझ्या धाकट्या दिरांच्या मुलीची अशीच चाचणी झाली. बाईंनी चमच्याचे चित्र दाखवले, ती "चमचा" म्हणाली आणि कागदावर शून्य पडले. झाडूचे चित्र आले, ती "झाडू" म्हणाली, पुन्हा शून्य. जाऊबाई काचेपलीकडून पाहत होत्या. मुलीला दोन्ही वस्तू माहीत होत्या. ज्या मोजपट्टीने तिला मोजले, ती मात्र फक्त इंग्रजीत वाढलेल्या मुलांवरून आखलेली होती. 'नॉर्मल' नावाची रेघ अशीच काही मुलांवरून काढलेली असते, म्हणून ती कोणावरून काढली हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

हा हक्क कोणी मेहेरबानी म्हणून दिलेला नाही. कॅलिफोर्नियात स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांच्या चाचण्या इंग्रजीत घेऊन त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसवले गेले होते. १९७०च्या 'डायना' खटल्यातील मुलांना स्पॅनिशमध्ये पुन्हा तपासले, तेव्हा त्यांपैकी बहुतेकांची जागा त्या वर्गात नव्हतीच असे दिसले. १९७५ साली विशेष शिक्षणाचा जो केंद्रीय कायदा झाला, त्यात मुलाच्या स्वतःच्या भाषेत तपासणी करण्याची अट आली. इंग्रजी पुरेसे येत नाही एवढ्या कारणावरून मुलाला त्या कायद्याखाली अपंग ठरवता येत नाही. म्हणून संमतीपत्रासोबतच, मराठी जाणणारा तज्ज्ञ किंवा दुभाषा हवा अशी लेखी मागणी करा. अडचण फक्त इंग्रजीत दिसली, तर मूल दुसरी भाषा शिकत आहे एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. ती मराठीतही दिसली, म्हणजे आजीशी गप्पा मारतानाही तो प्रश्नाला उत्तर न देता तेच वाक्य परत म्हणत असेल, तर दोष भाषेवर ढकलून चालणार नाही.

आणि घरातली मराठी बंद करू नका. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही, आणि ऑटिझम असलेली मुलेही दोन भाषा शिकतात. मराठी थांबवली तर त्याची आजी त्याच्यापासून तुटेल, आणि तुम्हीही त्याला रागावताना, समजावताना परक्या भाषेत चाचपडाल.

लेबलाची भीती आपण फार बाळगतो, पण आपणही लेबले लावतच आलो आहोत. माझ्या माहेरी सांगलीला आमच्या एका काकांना सगळे घुम्या म्हणत. एसटीचे वेळापत्रक त्यांना तोंडपाठ होते, परंतु लग्नघरात चार माणसे जमली की ते माडीवर जाऊन बसत. ते नाव त्यांना जन्मभर चिकटले, कोणी त्याचा फेरविचार केला नाही आणि त्यातून त्यांना मदतही काही मिळाली नाही. शाळेने केलेले निदान तपासता तरी येते. मुलासाठी आखलेली शिक्षणाची योजना वर्षातून एकदा तरी पाहिली जाते, तीन वर्षांनी फेरतपासणी होते, आणि निष्कर्ष पटला नाही तर स्वतंत्र तपासणी मागता येते. या नावांच्या व्याख्याही बदलत असतात: अ‍ॅस्पर्गर (ऑटिझमसारखाच, पण सौम्य समजला जाणारा प्रकार) हे वेगळे निदान अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत १९९४ साली आले आणि २०१३ साली ऑटिझममध्ये मिसळले गेले. मुले होती तशीच राहिली. माझ्या मुलाला तिसरीत डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातली अडचण, असल्याचे कळले, तेव्हा आमच्या घरात सुतक पडल्यासारखी शांतता होती. पण त्याच कागदामुळे त्याला रोज वाचन शिकवणाऱ्या बाई मिळाल्या आणि परीक्षेत जास्त वेळ मिळाला. आजही तो लांब मजकूर ऐकूनच समजून घेतो आणि समोरच्याला तसे स्पष्ट सांगतो.

सासूबाईंचे वाक्य उडवून लावू नका, तपासणाऱ्यांना जसेच्या तसे सांगा. वडील केव्हा बोलू लागले हे ते विचारतीलच. शिक्षिकेकडे तो नजर उचलून पाहत नाही, असेही तुम्ही लिहिले आहे. मोठ्यांकडे टक लावून पाहू नये असे घरात शिकवले असेल, तर तेही सांगा. मात्र सहा वर्षांच्या मुलाच्या सगळ्याच वागण्याला 'आमच्याकडे असेच असते' हे उत्तर पुरत नाही. खेळताना, जेवताना, आजीशी बोलताना तो कसा वागतो ते आठवडाभर वहीत लिहून काढा आणि ती वही शाळेतल्या तपासणीच्या बैठकीला न्या. बैठकीला यजमानांनाही घेऊन जा.

मंडळात कोणाला सांगायचे ते तुम्ही ठरवा. शाळेची नोंद गोपनीय असते. परतण्याचा निर्णय या कागदावरून घेऊ नका. तपासणी पुण्यातही टळणार नाही. दिवाळीला जरूर जा, फक्त बैठकीची तारीख कळल्यावर तिकिटे काढा.