कर्ज तिच्या नावावर, स्वप्न तुमचं

प्रश्न : आम्ही जुन्नर तालुक्यातले टोमॅटो उत्पादक. मुलगी बी.टेक. फूड टेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, सीजीपीए ७.९. भाव पडला की माल रस्त्यावर ओतावा लागतो, म्हणून फळं-भाज्यांच्या पावडरचा कारखाना टाकायचं ठरवलं आहे. ४२ लाखांचा, एका खेपेला १०० किलो माल घेणारा फ्रीज ड्रायर पाहून ठेवला, डीलरला १ लाख ॲडव्हान्स दिला. कर्ज मुलीच्या नावावर काढतोय. ३५ टक्के सबसिडी आहे, म्हणजे जवळपास १५ लाख सरकारचे. कारखाना उभा राहिला की स्थळही चांगलं येईल. पण ती एम.टेक. करायचं म्हणते, आणि कॉलेजात शेवग्याचा पाला वाळवत बसली आहे. तिच्या वहीच्या पानाचा फोटो जोडला आहे, पाहा काय चाललंय ते. तुम्हीच तिला समजवा. – एक पालक

उत्तर : नमस्कार दादा,

पत्र दोनदा वाचलं, फोटो चारदा पाहिला. तुम्ही तो तक्रार म्हणून पाठवलात, पण माझं लक्ष त्याच्यावरून हलेना. वर शीर्षक : ‘शेवगा पाला, ४५/५५/६५ अंश, वाफवलेला आणि न वाफवलेला’. खाली दर अर्ध्या तासाला घेतलेलं प्रत्येक ट्रेचं वजन. आणि मध्येच, रकान्याबाहेर, घाईघाईने लिहिलेली ओळ : ‘४.१० ते ५.०० लाईट नव्हती. ट्रे ३ चा रंग गेला.’ ही ओळ गाळून आकडे सरळ करून देणं सोपं होतं. पुष्कळ मुलं देतात. तिने दिले नाहीत. सीजीपीए ७.९ आहे की ८.९, याच्याशी मला त्यानंतर फारसं देणंघेणं उरलं नाही.

काळजी वाटली ती तुमच्या पत्राची. त्यात मशीन आहे, ॲडव्हान्स आहे, सबसिडी आहे, स्थळसुद्धा आहे. मुलीचं म्हणणं मात्र एका वाक्यात आलं आणि त्या वाक्याची सुरुवात ‘पण’ने झाली. कारखाना तुम्ही ठरवलात, ॲडव्हान्स तुम्ही दिलात, कर्ज तिच्या नावावर, मशीन चालवणार ती. राग मानू नका, पण याला मुलीला धंदा काढून देणं म्हणत नाहीत. तिला जामीन ठेवणं म्हणतात. हप्ता चुकला तर सिबिल तिचं बिघडेल. उद्या तिला शैक्षणिक कर्ज हवं झालं तर बँक पहिल्यांदा तेच उघडून बघेल. तिची पदवी अजून हातात यायची आहे. सही करताना ती ‘नाही’ म्हणू शकेल, असं तुमच्या घरात वातावरण आहे का? हे मला लिहून कळवू नका, फक्त स्वतःला विचारा.

आता हिशेब. तुम्ही म्हणता ती योजना पीएमएफएमई, म्हणजे छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना. सबसिडी ३५ टक्के खरी, पण कमाल मर्यादा १० लाख. ४२ लाखांवर १५ लाख मिळणार नाहीत. वर प्रकल्पाच्या किमान १० टक्के रक्कम स्वतःच्या खिशातून घालावी लागते. डीलरने एवढं सांगितलं नसेल, तर त्याचा चहा पुन्हा पिऊ नका.

दुसरा हिशेब क्रेटचा. मशीन एका खेपेला १०० किलो माल घेतं, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे वीस किलोचे पाच क्रेट. फ्रीज ड्रायिंगची एक खेप दिवसभर, कधी त्याहून जास्त चालते. नारायणगावच्या मार्केटला हंगामात रोज किती क्रेट येतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. पाच क्रेटने रस्त्यावरचा टोमॅटो उचलला जाणार आहे का? भाव पडतो काही आठवडे, हप्ता येतो बारा महिने. आणि टोमॅटोत ९४ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, त्यामुळे त्या पाच क्रेटमधून पूड निघते साधारण सहा किलो. एक किलो पाणी उडवायला कागदावरच्या हिशेबानेसुद्धा ०.६५ युनिट वीज लागते, म्हणजे खेपेला साठेक युनिट. तेही सगळी उष्णता कामी आली तर, आणि ती कधीच येत नाही. फ्रीज ड्रायरमध्ये गोठवण्याचा आणि व्हॅक्यूम पंपाचा खर्च वेगळा.

पण या सगळ्याच्या मुळाशी एक गैरसमज आहे आणि तो तुमच्या एकट्याचा नाही : मशीन जितकं महाग, तितकी पूड पौष्टिक. फ्रीज ड्रायिंगमध्ये माल गोठवतात आणि हवेचा दाब इतका खाली नेतात की बर्फ न वितळता सरळ वाफ होतो. उष्णता कमी लागते म्हणून सी जीवनसत्त्व, रंग आणि वास चांगले टिकतात. हे खरं आहे. पण प्रत्येक घटक वेगळा वागतो. टोमॅटोला लाल रंग देणारं लायकोपीन माफक उष्णता सी जीवनसत्त्वापेक्षा कितीतरी चांगली सोसतं. शेवग्यातलं लोह तर उष्णतेने कुठेच जात नाही. गेलंच तर पाला उकळून ओतून दिलेल्या पाण्याबरोबर थोडं जातं. पाल्यातल्या कॅरोटीनला, ज्यापासून शरीरात अ जीवनसत्त्व बनतं, ऊन आणि हवा मारते, म्हणून तर मेथी सावलीत वाळवायची हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. वाफवलं की भाजीतली विकरं (एन्झाइम्स) थंडावतात, नाहीतर ती वाळताना आणि नंतर पाकिटातही रंग नि जीवनसत्त्वं खात राहतात. जास्त वेळ वाफवलं की तोटा. सुरुवातीलाच जास्त तापवलं तर टोमॅटोच्या चकतीला वरून कडक पापुद्रा येतो, ओल आत कोंडते आणि पाकिटात बुरशी निघते. फार कमी तापवलं तर वाळायला दुप्पट वेळ, तेवढा वेळ हवा लागून नुकसान वेगळंच. मधली योग्य जागा पिकागणिक, चकतीच्या जाडीगणिक बदलते आणि ती शोधावी लागते. तुमची मुलगी ‘पाला वाळवत बसली आहे’ ती हेच शोधते आहे. शिवाय फ्रीज ड्रायरची पूड स्पंजासारखी सच्छिद्र असते. आषाढात पाकीट उघडं राहिलं तर बघता बघता तिचा गोळा होतो. ४२ लाख घालून वाचवलेलं जीवनसत्त्व पारदर्शक पिशवीत भरून दुकानाच्या काचेत उन्हाला ठेवलं, की मिटला विषय.

(पाकिटावर ‘ताज्यापेक्षा दहापट पोषण’ छापायचा बेत असेल तर तोही सोडा. पाणी गेल्यामुळे आकडा फुगतो. पूड माणूस चमचाभर खातो, भाजी वाटीभर.)

आपल्याच राज्यातलं उदाहरण पाहा. एसफोरएस टेक्नॉलॉजीज ही वैभव तिडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केलेली कंपनी. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे आयसीटीत शिकलेली ही मुलं. २०२३ मध्ये त्यांना पर्यावरणाच्या कामासाठीचा अर्थशॉट पुरस्कार मिळाला. त्यांच्याकडे आहे तो सौर वाळवणी संच, शेतकरी बायकांना वापरता येईल असा. त्या माल वाळवतात, कंपनी तो विकत घेऊन खाद्य उद्योगांना पुरवते. वाळवण्याचं शास्त्र आधी, गिऱ्हाईक बांधलेलं, आणि यंत्र परवडेल असं. तुम्ही नेमकं उलटं निघाला आहात.

एम.टेक.ची वाट तिला माहीत असणारच : गेट या प्रवेश परीक्षेत फूड टेक्नॉलॉजीचा विभाग, त्यावर हरियाणातल्या कुंडली गावची आणि तंजावरची निफ्टेम ही अन्न तंत्रज्ञान संस्था, किंवा आयसीएआरची, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेची पीजी प्रवेश परीक्षा. सरकारी नोकरीच हवी असेल तर अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या जागा एमपीएससीतून भरतात. यात माझ्या सल्ल्याची गरज नाही.

गरज आहे ती तुम्हाला. कारखान्याचं वेड वाईट नाही, ते तुमचं आहे एवढंच. मग तुमच्याच नावावर करा. ॲडव्हान्स परत मागा. नाही मिळाला तर १ लाख गेले समजा, ४१ वाचले. नारायणगावातच कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे जाऊन बसा. जवळपास कुणाकडे साधा ट्रे ड्रायर असेल तर पन्नास किलो टोमॅटो भाड्याने वाळवून घ्या, तीन किलो पूड निघेल. ती तुम्ही स्वतः विका, ओळखीपाळखीत नाही, पुण्यातल्या अनोळखी हॉटेलवाल्यांना आणि मसालेवाल्यांना. दोन महिन्यांनी तोच माणूस पुन्हा मागवतो का ते बघा. तोवर मशीनचं नाव काढू नका.

आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या, तुम्ही न वाचता पाकीट बंद करू द्या. सोबत वहीची पुढची पानं पाठवायला सांगा. लाईट आल्यावर ट्रे ३ तिने टाकून दिला की तसाच वाळवत नेला, ते या पानावर नाही.