ट्रेनिंगचे पैसे विचारायचे कसे?

"मॅडम, चार वर्षं शिकवलं, आता पोरगी फुकट राबणार?" खुर्चीत नीट टेकायच्या आधीच वडिलांनी विचारलं. ते एसटीत कंडक्टर. बी.आर्क.च्या, म्हणजे आर्किटेक्चरच्या पदवीच्या, चौथ्या वर्षाची लेक शेजारी मान खाली घालून बसलेली. मॉडेल करताना ब्लेड लागलेल्या तिच्या बोटाला पट्टी होती. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

बी.आर्क. दहा सत्रांचं, आणि त्यातलं एक सत्र ट्रेनिंगसाठी आर्किटेक्टच्या ऑफिसात काढावंच लागतं. तेव्हा हातात काय पडणार, या काळजीने दरवर्षी दोन-चार घरं तरी माझ्याकडे सल्ल्याला येतात. मुलं सांगतात त्यावरून पुण्या-मुंबईत महिना ५ ते १५ हजार मिळतात, लहान गावांत तीन-चार हजार, आणि काही ऑफिसं एक पैसाही देत नाहीत.

हिच्याकडे तीन जागा होत्या. मुंबईतलं नावाजलेलं ऑफिस पहिले दोन महिने काहीच देणार नव्हतं, पुढे ५ हजार. पुण्यातलं आठ माणसांचं ऑफिस ८ हजार देत होतं. आणि गावाजवळचा इंटिरियरचा ठेकेदार चक्क १५ हजार. वडिलांचा कल अर्थातच तिकडे.

"तिथे नोंदणी असलेला आर्किटेक्ट कोण आहे?" मी विचारलं. तिने तिथूनच फोन लावला. कुणीच नव्हतं! १९७२च्या कायद्याप्रमाणे आर्किटेक्टची नोंदणी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे होते, आणि तिचं कॉलेज अशा आर्किटेक्टच्या हाताखालचंच ट्रेनिंग धरतं. १५ हजारांपायी अख्खं सत्र गेलं असतं. पैशांच्याही आधी आर्किटेक्टचा 'सीए' या अक्षरांनी सुरू होणारा नोंदणी क्रमांक विचारा, हे मी प्रत्येकाला सांगते.

मग वडिलांनी खिशातलं पेन काढलं आणि फाइलच्या पाठीवर आकडे मांडले. माणसाचा हिशेबाचा हात असा सरावलेला की बघत राहावं. मुंबईत कॉट, मेस, पास धरून महिना १४ हजार. ट्रेनिंगच्या पाच महिन्यांत घरून ५५ हजार घालावे लागणार. पुण्यात साडेदहा हजार, म्हणजे घरून साडेबारा हजार. बराच वेळ ते त्या दोन आकड्यांकडे बघत होते.

"पण मुंबईचं नाव..." ती पहिल्यांदाच बोलली.

मोठ्या नावाचा उपयोग होतो, नाही असं नाही. पण महापालिकेत द्यायची ड्रॉइंग्ज, क्लायंटला दाखवायची मॉडेलं ट्रेनीच रात्री बसून करतात आणि त्या कामाची फी ऑफिस घेतं. मग ट्रेनीला शून्य का? शिकवतो म्हणून पैसे नाहीत, हे मला पटत नाही. ५५ हजार ज्या घराला जड नाहीत त्यांनी खुशाल जावं. या घराला ते जड होते.

खरी अडचण वेगळीच होती. पैशांचं बोललं की हाव दिसेल, अशी तिला भीती. आम्ही दोन वाक्यं ठरवली, तिने मुंबईला फोन लावला. "सर, मला तुमच्याकडेच काम करायचंय. पण बाहेरगावी राहायचंय, पहिल्या महिन्यापासून काही मिळालं तरच जमेल." तिकडून शांतपणे नकार आला. फोन ठेवून ती म्हणाली, "रागावले नाहीत ते."

मग पुण्याला फोन. काम किती वाजेपर्यंत, साइटवर नेणार का, लॅपटॉप कुणाचा, हे तिने न अडखळता विचारलं. लॅपटॉप तिचाच, हे कळल्यावर त्यांनी हजार वाढवून ९ केले.

जाताना वडील म्हणाले, "पण मॅडम, पुढे पगार तरी बरा मिळंल ना?" नव्या पदवीधरांकडून पुण्यात वीस-पंचवीस हजारांनी सुरुवात झाल्याचं मी ऐकते, तेच सांगितलं. आयटीतल्या भाच्याशी तुलना करू नका, हेही सांगितलं. ते गप्प झाले; मी आकडा फुगवून सांगितला नाही.

ट्रेनिंग संपल्यावर ती एकटीच आली. टेबलावर एक शीट पसरलं: बाथरूमच्या टाइल्स, उतार, सांडपाण्याचा ट्रॅप, सगळं मिलिमीटरमध्ये. खालच्या चौकटीत 'ड्रॉन बाय'पुढे तिची आद्याक्षरं. "याचं काम झालं साइटवर," ती म्हणाली, "पप्पांना दाखवायला नेतेय."