टाइमआउटचा आकडा वाढवण्यापूर्वी : वाचकांचे प्रश्न

वेब सर्व्हर आणि त्याच्यामागचे ॲप्लिकेशन सर्व्हर यांच्यातला संपर्क मधूनच तुटतो, अशा तक्रारीची पत्रे या सदराकडे नेहमी येतात. त्यांपैकी चार प्रश्न या वेळी घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लांबले आहे, कारण बहुतेक पत्रांमधली अडचण त्याच जातीची आहे.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाचे परीक्षा-अर्जांचे संकेतस्थळ एनजिनएक्स या वेब सर्व्हरमागे टॉमकॅट हे दोन ॲप्लिकेशन सर्व्हर ठेवून चालते. अर्जाची मुदत संपत आली की सकाळी अकराच्या सुमारास '५०४ गेटवे टाइम-आउट' दिसू लागते. लॉगमध्ये 'अपस्ट्रीम टाइम्ड आउट, ११०, व्हाइल रीडिंग रिस्पॉन्स हेडर फ्रॉम अपस्ट्रीम' (अपस्ट्रीम म्हणजे एनजिनएक्समागचा सर्व्हर) अशी ओळ येते. आम्ही 'प्रॉक्सी रीड टाइमआउट', म्हणजे उत्तराची वाट पाहण्याची मर्यादा, ६० सेकंदांवरून ३०० वर नेला. आता पाने पाच मिनिटे फिरत राहतात, कधी त्याच्या दुप्पट वेळ लागतो, आणि मग दोन्ही सर्व्हर एकदमच बंद पडल्यासारखे होऊन 'नो लाइव्ह अपस्ट्रीम्स' असा संदेश येतो. नेटवर्क तपासले, पिंग व्यवस्थित आहे.

उत्तर : तुमच्या अडचणीचे निम्मे उत्तर लॉगच्या त्या ओळीच्या शेवटी आहे, आणि नेमका तोच भाग घाईत वाचायचा राहून जातो. 'व्हाइल कनेक्टिंग टू अपस्ट्रीम' असे लिहिले असते, तर टॉमकॅटच्या यंत्राशी जोडणीच झाली नाही असा अर्थ झाला असता आणि फायरवॉल, चुकीचा पत्ता किंवा भरून गेलेली रांग शोधावी लागली असती. तुमच्याकडे 'रीडिंग रिस्पॉन्स हेडर' आहे. म्हणजे जोडणी झाली, विनंती पोहोचली, आणि उत्तराची पहिली ओळसुद्धा ठरलेल्या वेळेत परत आली नाही. नेटवर्कवर शंका घेण्याचे कारण इथेच जवळजवळ संपते.

पिंग चालते म्हणून ॲप्लिकेशन ठीक आहे, असे मात्र समजू नये. पिंगला उत्तर देते ते त्या यंत्राचे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. इतकेच कशाला, टीसीपी जोडणीसुद्धा कर्नलच पूर्ण करते, आणि टॉमकॅट आपल्या नेहमीच्या मांडणीत ८१९२ जोडण्या उघड्या ठेवू शकतो. पण प्रत्यक्ष काम करणारे, एकेक विनंती हाताळणारे थ्रेड त्याच्याकडे मुळात २०० असतात. ते सगळे कुठे तरी अडकलेले असले तरी नवी जोडणी एका मिलिसेकंदात होते आणि त्यानंतर विनंती तशीच पडून राहते. हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर एनजिनएक्सच्या ॲक्सेस लॉगच्या फॉरमॅटमध्ये अपस्ट्रीमचे कनेक्ट टाइम, हेडर टाइम आणि रिस्पॉन्स टाइम हे तिन्ही आकडे घाला. कनेक्ट ०.००१ आणि रिस्पॉन्स ६०.००१ अशी ओळ दिसली की शोध कुठे घ्यायचा याबद्दल वाद उरत नाही.

आता थ्रेड कशाची वाट पाहत आहेत ते पाहायचे. अडचण चालू असतानाच, टॉमकॅट पुन्हा सुरू करण्याच्या आधी, 'जेस्टॅक' या साधनाने पाच-दहा सेकंदांच्या अंतराने तीन थ्रेड डंप, म्हणजे प्रत्येक थ्रेड त्या क्षणी काय करत आहे याच्या नोंदी, घ्या. घाबरून सर्व्हर रीस्टार्ट केला की हा सगळा पुरावा पुसला जातो, आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तुम्ही पुन्हा पहिल्याच पायरीवर उभे असता. डंपमध्ये 'एचटीटीपी निओ ८०८० एक्झेक' अशा नावांचे थ्रेड शोधा. त्यांपैकी बहुसंख्य 'टाइम्ड वेटिंग' अवस्थेत असतील आणि खालच्या ओळींमध्ये कनेक्शन पूलकडे (डेटाबेसच्या तयार जोडण्यांच्या साठ्याकडे) जोडणी मागणाऱ्या 'गेट कनेक्शन' या मेथडचे नाव असेल, तर टॉमकॅट डेटाबेसच्या जोडणीसाठी ताटकळत आहे. तुम्ही वर्णन केलेल्या लक्षणांवरून मला हीच शक्यता सर्वांत मोठी वाटते.

यामागचा हिशेब सोपा आहे. हिकारी हा पूल वापरत असाल आणि त्याच्या मांडणीला हात लावलेला नसेल, तर त्यात जास्तीत जास्त १० जोडण्या असतात. एका विनंतीला डेटाबेसचे काम ०.२ सेकंदांचे असेल, तर १० जोडण्या सेकंदाला ५० विनंत्या निभावतात. अर्जांचे टेबल मोठे होऊन आणि योग्य इंडेक्स (नोंदी लवकर सापडाव्यात म्हणून ठेवलेली सूची) नसल्यामुळे तेच काम २ सेकंदांवर गेले, की क्षमता सेकंदाला ५ विनंत्यांवर येते. बाकीचे थ्रेड पूलच्या दाराशी ३० सेकंदांपर्यंत थांबतात, आणि एका पानासाठी दोन-तीनदा जोडणी मागितली जात असेल तर एनजिनएक्सचे ६० सेकंद तिथेच संपतात. थोडक्यात, घड्याळ एनजिनएक्सचे संपते, पण वेळ खर्च होतो तो त्याच्या दोन पायऱ्या मागे.

३०० सेकंदांनी परिस्थिती का बिघडली, हेही यातूनच उलगडते. पान येत नाही म्हणून विद्यार्थी रिफ्रेश दाबतो. एनजिनएक्स पहिली विनंती ४९९ या आकड्याने नोंदवून सोडून देतो, पण टॉमकॅटमधला थ्रेड ती विनंती कुणालाच नको आहे हे न कळता काम करत राहतो, आणि रिफ्रेशची नवी विनंती रांगेत येऊन बसते. रिफ्रेश न दाबणारे वापरकर्ते आता पाच मिनिटे जोडणी अडवून बसतात. त्यात भर म्हणजे एनजिनएक्सच्या नेहमीच्या मांडणीत एका सर्व्हरकडे टाइमआउट झालेली गेट (नुसते पान मागणारी) विनंती दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवली जाते. म्हणून तुम्हाला दुप्पट वेळ दिसतो, आणि म्हणूनच जी जड क्वेरी (डेटाबेसकडची मागणी) एका टॉमकॅटला बसवते ती लगोलग दुसऱ्यालाही बसवते. 'मॅक्स फेल्स' मुळात १ आणि 'फेल टाइमआउट' १० सेकंद असल्याने एकच टाइमआउट झालेला सर्व्हर दहा सेकंदांसाठी बाद ठरतो, सगळा भार उरलेल्यावर पडतो, तोही बाद होतो, आणि जिवंत सर्व्हरच उरला नाही असा तो संदेश येतो. प्रत्यक्षात दोन्ही टॉमकॅट चालूच असतात.

तेव्हा आकडा ६० वर परत आणा. डेटाबेस पोस्टग्रेएसक्यूएल असेल तर एक सेकंदापेक्षा जास्त वेळ घेणाऱ्या क्वेरी लॉगमध्ये येतील अशी सोय करा. मायएसक्यूएल असेल तर स्लो क्वेरी लॉग चालू करताना त्याची मर्यादा मुळात १० सेकंदांची असते, ती १ वर आणायला विसरू नका, नाहीतर २ सेकंदांची गुन्हेगार क्वेरी त्यात कधीच दिसणार नाही. सापडलेल्या क्वेरीचा एक्स्प्लेन, म्हणजे डेटाबेस ती कशी चालवतो याचा आराखडा, काढा आणि इंडेक्स घाला. पूल १० वरून २० करायला हरकत नाही, पण डेटाबेसच्या यंत्रावर सीपीयू आणि डिस्क मोकळी आहे हे पाहूनच. पोस्टग्रेएसक्यूएल मुळात १०० आणि मायएसक्यूएल १५१ जोडण्याच घेतो, आणि दोन्ही टॉमकॅटचे पूल मिळून त्या मर्यादेच्या बरेच आत राहिले पाहिजेत. थ्रेड २०० चे ८०० करण्याचा सल्ला तुम्हाला कुणी तरी देईलच. तो मानू नका. पूल दहाचाच राहिला तर त्याने फक्त ताटकळणाऱ्यांची संख्या वाढेल.

शेवटी सगळ्या मर्यादांची उतरंड लावा. क्वेरीला मिळणारा वेळ सर्वांत कमी, पूलजवळ थांबण्याचा आणि क्वेरीचा वेळ मिळून एनजिनएक्सच्या वेळेपेक्षा कमी, आणि एनजिनएक्सच्या पुढे आणखी एखादा लोड बॅलन्सर (भार वाटून देणारा सर्व्हर) असेल तर त्याचा वेळ सर्वांत जास्त. आतली मर्यादा आधी संपली, की चूक जिथे घडली तिथल्याच लॉगमध्ये तिचे नाव-गाव नोंदले जाते. बाहेरची आधी संपली, तर ५०४ हा एक आकडा हाती लागतो आणि त्याशिवाय काही नाही.

प्रश्न : आमच्याकडे अपाची हा वेब सर्व्हर आणि त्याला टॉमकॅटशी जोडणारा मॉड-जेके आहे, टॉमकॅट दुसऱ्या इमारतीत आहे आणि मध्ये फायरवॉल आहे. दिवसभर काही तक्रार नसते. मात्र सकाळी कार्यालय उघडल्यावर पहिल्या काही जणांची पाने अडकतात, नंतर सगळे सुरळीत होते. भार नसताना टाइमआउट का यावा?

उत्तर : भार नसतो म्हणूनच येतो. मॉड-जेके टॉमकॅटशी केलेल्या एजेपी (या दोघांमधल्या संवादाचा प्रोटोकॉल) जोडण्या पुढच्या विनंतीसाठी उघड्या ठेवतो, आणि टॉमकॅटच्या बाजूला एजेपीसाठी मुळात अशा निष्क्रिय जोडणीला कालमर्यादाच नसते. फायरवॉल मात्र तासभर किंवा तिच्या मांडणीप्रमाणे काही काळ हालचाल न दिसलेली जोडणी आपल्या तक्त्यातून काढून टाकते आणि दोन्ही टोकांना काहीच कळवत नाही. सकाळी पहिली विनंती त्या मेलेल्या जोडणीवरून जाते, फायरवॉल ती पाकिटे मुकाट्याने टाकून देते, आणि अपाची उत्तराची वाट पाहत राहतो. अशा प्रत्येक जुन्या जोडणीवर एकेक वापरकर्ता बळी पडला, की नव्या जोडण्या होतात आणि तक्रार थांबते.

उपाय दोन्ही टोकांना करायचा आहे. मॉड-जेकेमध्ये 'कनेक्शन पूल टाइमआउट' ६०० सेकंद ठेवा आणि टॉमकॅटच्या एजेपी कनेक्टरमध्ये 'कनेक्शन टाइमआउट' ६००००० ठेवा. पहिला आकडा सेकंदांत आणि दुसरा मिलिसेकंदांत असतो, हे लक्षात न राहिल्याने इथे पुष्कळदा गोंधळ होतो. त्याबरोबर 'पिंग मोड' ए करा, म्हणजे विनंती पाठवण्याआधी जोडणी जिवंत आहे का हे सीपिंग-सीपाँग या छोट्या प्रश्नोत्तराने तपासले जाईल. 'सॉकेट कीप-अलाइव्ह' (निष्क्रिय जोडणीवर अधूनमधून पाकीट पाठवण्याची सोय) चालू करण्याचाही सल्ला दिला जातो आणि तो योग्य आहे, पण लिनक्स असे पहिले कीप-अलाइव्ह पाकीट मुळात ७२०० सेकंदांनी पाठवते. फायरवॉलची मर्यादा एक तासाची असेल तर ते पाकीट जोडणी मेल्यानंतर तासाभराने निघते. कर्नलमधला तो आकडाही कमी करावा लागतो.

याच निमित्ताने तुमचे एजेपीचे ८००९ पोर्ट अपाचीखेरीज आणखी कुणाला दिसते का, हे जरूर तपासा. २०२० साली उघडकीला आलेली 'घोस्टकॅट' ही त्रुटी याच मार्गाने सर्व्हरवरच्या फाइली वाचू देत होती, आणि त्यानंतरच्या टॉमकॅटमध्ये हे पोर्ट मुळात फक्त त्याच यंत्रापुरते उघडते आणि सीक्रेट, म्हणजे परवलीचा शब्द, मागते. टॉमकॅट अद्ययावत केल्याबरोबर अपाचीशी संपर्क तुटला, तर आधी हे दोन बदल आठवा.

प्रश्न : एनजिनएक्समागे गुनिकॉर्न हा पायथॉनचा ॲप्लिकेशन सर्व्हर चार सिंक वर्करसह (एका वेळी एकच विनंती हाताळणाऱ्या) चालवतो. यंत्र जुने, सेंटओएस ७ हे लिनक्स आहे. गर्दीच्या वेळी काही विनंत्यांचा कनेक्ट टाइम १ सेकंदाच्या किंवा ३ सेकंदांच्या किंचित पुढे येतो, बाकीच्यांचा शून्य. मधले आकडे येतच नाहीत. हे नेटवर्कचे काम आहे का?

उत्तर : तुमचे निरीक्षण फार चांगले आहे, मधले आकडे नसणे हीच खूण आहे. जोडणीचे पहिले पाकीट, म्हणजे सिन, स्वीकारले गेले नाही तर लिनक्स ते १ सेकंदाने पुन्हा पाठवते, त्यानंतर २ आणि मग ४ सेकंदांनी, म्हणजे सुरुवातीपासून मोजल्यास १, ३ आणि ७ सेकंदांवर. पाकिटे वाटेत गळत असती तर ती इतर वेळीही गळली असती. फक्त गर्दीत गळतात, याचा अर्थ बहुधा गुनिकॉर्नची स्वीकारायची रांग भरली आहे.

गुनिकॉर्नच्या यंत्रावर 'एसएस -एलएनटी' ही आज्ञा गर्दीच्या वेळी चालवा. ऐकत बसलेल्या सॉकेटच्या ओळीत 'रिसीव्ह-क्यू' म्हणजे आत्ता रांगेत उभ्या असलेल्या जोडण्या आणि 'सेंड-क्यू' म्हणजे रांगेची मर्यादा. तिथे १२९ आणि १२८ असे आकडे दिसले तर निदान पक्के झाले. गुनिकॉर्न २०४८ ची रांग मागतो, पण कर्नलचा 'सोमॅक्सकॉन' हा आकडा ५.४ या आवृत्तीच्या आधी १२८ असे आणि दोन्हींपैकी लहान मर्यादा लागू होते, ५.४ पासून तो ४०९६ झाला. सेंटओएस ७ चे कर्नल ३.१० आहे, आणि त्याचे अद्ययावतीकरण जून २०२४ मध्ये थांबल्यामुळे ते यंत्र तसेही बदलायला हवे.

सोमॅक्सकॉन वाढवून गुनिकॉर्न रीस्टार्ट केले, की १ आणि ३ सेकंदांचे आकडे नाहीसे होतील. त्यावर समाधान मानू नये, असे मी आग्रहाने सांगेन. चार वर्कर आणि एका विनंतीला अर्धा सेकंद धरला, तर सेकंदाला ८ विनंत्या पार पडतात. १२८ च्या रांगेतला शेवटचा माणूस १६ सेकंद थांबतो, आणि २०४८ च्या रांगेतला २५६ सेकंद. एनजिनएक्स त्याला ६० व्या सेकंदालाच ५०४ देऊन मोकळा झालेला असेल. रांग थोडी वाढवा, पण खरे काम वर्करांची संख्या वाढवण्याचे, किंवा तो अर्धा सेकंद कशात जातो हे पाहून तो कमी करण्याचे आहे. वर्कर बाहेरच्या एखाद्या सेवेच्या उत्तरासाठी थांबत असतील, तर थ्रेड असलेले वर्कर वापरल्यानेही मोठा फरक पडेल.

प्रश्न : क्लाउडमधला ॲप्लिकेशन सर्व्हर बदलला की 'व्हाइल कनेक्टिंग' असा टाइमआउट येत राहतो, एनजिनएक्स रिलोड केले की लगेच बरा होतो. डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता देणाऱ्या यंत्रणेत) नवा पत्ता बरोबर दिसतो.

उत्तर : एनजिनएक्स अपस्ट्रीममध्ये लिहिलेले नाव सुरू होताना किंवा रिलोड होतानाच एकदा सोडवतो आणि मिळालेला आयपी पत्ता धरून ठेवतो. जुन्या पत्त्यावर आता कुणीच नसल्यामुळे नकारही येत नाही. तिथे यंत्र असते आणि फक्त पोर्ट बंद असते, तर १११ क्रमांकाची 'कनेक्शन रिफ्यूज्ड' ही चूक तत्काळ मिळाली असती. सर्व्हर बदलणाऱ्या स्क्रिप्टच्या शेवटी एनजिनएक्सचे रिलोड जोडा, किंवा कॉन्फिगरेशनमध्ये 'रिझॉल्व्हर' देऊन सर्व्हरचे नाव व्हेरिएबलमधून 'प्रॉक्सी पास'ला द्या, म्हणजे ते चालू असतानाही पुन्हा सोडवले जाईल. 'प्रॉक्सी कनेक्ट टाइमआउट' मात्र ६० सेकंदांवरून खाली आणून ३ ते ५ सेकंदांवर ठेवा; एकाच जाळ्यातल्या दोन यंत्रांना जोडणीसाठी त्याहून जास्त वेळ लागण्याचे कारण नाही, आणि दुसरा सर्व्हर शिल्लक असेल तर विनंती तिकडे लवकर वळेल.