कुटुंब समुपदेशन आणि अध्यापन: दोन्ही करा, पण क्रमाने

मानसशास्त्रात एम.ए. पूर्ण होताच दांपत्यांचे व कुटुंबांचे समुपदेशन सुरू करावे आणि त्याच वर्षी महाविद्यालयात शिकवायलाही लागावे का, असे आपण विचारले आहे. पुण्यात गेली एकोणीस वर्षे मी ही दोन्ही कामे करत आहे. माझे मत असे की, दोन्ही अवश्य करावीत, परंतु आधी निदान चार-पाच वर्षे कुटुंबांसमोर बसावे आणि मगच वर्गात उभे राहावे.

अमेरिकेत विवाह व कुटुंब उपचारक हा स्वतंत्र परवान्याचा व्यवसाय आहे. कॅलिफोर्नियात त्यासाठी पर्यवेक्षणाखाली ३००० तासांचे काम लागते. आपल्याकडे या नावाचा परवाना नाही, त्यामुळे तयारीची जबाबदारी आपलीच. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचे असेल, तर भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी लागते. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम ६ मध्ये समुपदेशकांची तरतूद आहे. त्या पदाचा विचार असेल, तर जाहिरातीतील पात्रता नीट वाचा, कारण तिथे समाजकार्यातील पदव्युत्तर पदवीला महत्त्व असते. कायमस्वरूपी अध्यापनासाठी नेट, सेट किंवा पीएच.डी. पाहिली जाते. तासिका तत्त्वावरचे मानधन अनेकदा उशिरा हाती पडते, तेव्हा घरखर्च त्यावर अवलंबून ठेवू नका.

क्रमाचा आग्रह का धरतो, ते सांगतो. माझ्या पहिल्याच वर्षी एक दांपत्य आले होते आणि नवऱ्याची आईही सोबत होती. मी सुनेला प्रश्न विचारला की उत्तर सासूबाई देत आणि मुलगा खाली पाहत राही. तोच प्रश्न मी तीनदा विचारला. सत्रानंतर माझ्या पर्यवेक्षक बाईंनी एवढेच विचारले, "तिघे कसे बसले होते, ते काढून दाखव." मी कागदावर तीन खुर्च्या काढल्या, तेव्हा लक्षात आले की आई दोघांच्या मधोमध होती. पुढच्या सत्रात मी मुलाला आईशी जागा बदलायला सांगितले. बराच वेळ कोणी बोलले नाही, मग सून पहिल्यांदा थेट नवऱ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही तरी बोला ना." कुटुंब-उपचारातील एक प्रवर्तक साल्वादोर मिनुचिन यांनी कुटुंबातील सीमारेषांविषयी, म्हणजे कोणी कोणाच्या नात्यात किती शिरावे याविषयी, जे मांडले, त्यावर मी परीक्षेत उत्तर लिहिले होते आणि चांगले गुणही मिळवले होते, पण ती रेषा तीन खुर्च्यांमध्ये असते, हे त्या दिवशी कळले. हे न पाहता वर्गात गेलो असतो, तर मुलांना केवळ व्याख्या लिहून दिल्या असत्या.

उलट दिशेने शिकवण्याचाही कामाला मोठा आधार होतो. माझे विद्यार्थी आपापसांत सराव-सत्र घेतात आणि त्यातील दहा मिनिटांचा संवाद शब्दशः लिहून आणतात. एका विद्यार्थिनीने समासात नोंदवले होते की दहापैकी जवळपास सहा मिनिटे ती स्वतःच बोलत होती आणि तिचा प्रत्येक प्रश्न "हो ना?" ने संपत होता. त्या रात्री मी, कुटुंबाच्या संमतीने केलेले, माझ्याच एका सत्राचे ध्वनिमुद्रण ऐकले. तोच "हो ना?" माझ्याही तोंडी होता. "हो ना?" म्हटले की समोरच्याला होकारच द्यावा लागतो, आणि दुरावलेल्या नवरा-बायकोंपैकी एकाचा असा होकार दुसऱ्याला आपल्याविरुद्धचा निकाल वाटतो. ती सवय मोडायला मला काही महिने लागले.

दोन्ही भूमिका एकत्र आल्या की गोपनीयतेचा प्रश्न अधिक नाजूक होतो. मी नाव व व्यवसाय बदलून वर्गात सांगितलेला एक प्रसंग एका विद्यार्थिनीने ओळखला, कारण ते कुटुंब तिच्याच गल्लीत राहत होते. तिने तास संपल्यावर हळू आवाजात मला विचारले, आणि मला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून मी एका कुटुंबाची हकिगत कधीच अखंड सांगत नाही. अनेकांचे तुकडे एकत्र करून नवेच कुटुंब रचतो आणि वर्गाला तसे आधीच सांगतो. तसेच आपला विद्यार्थी समुपदेशनासाठी आला, तर त्याला आपण घेऊ नये. ज्याच्या हाती आपले गुण आहेत, त्याच्यासमोर घरातले दुखणे कोण मोकळेपणाने सांगेल? अशा वेळी विश्वासू सहकाऱ्याकडे पाठवावे.

म्हणून यंदा महाविद्यालयांत अर्ज करण्यापूर्वी पर्यवेक्षक शोधा. आपली सत्रे ऐकून चुका दाखवणारी, आठवड्याला एक तास देणारी व्यक्ती मिळाली, तर त्या तासाचे शुल्क भरावे लागले तरी भरा.